डायलची काच मागून पुसू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत, जुन्या स्टिरिओ रिसीव्हरच्या (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत) डायलचे दिवे घरच्या घरी कसे बदलायचे यावर अर्ध्या पानाचा लेख आला. मी तो आधी उभ्याउभ्या वाचला, मग बसून वाचला आणि तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचला. लेखकाचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पन्नास वर्षांपूर्वीची धडधाकट यंत्रं केवळ समोरचा उजेड गेला म्हणून भंगारात जाऊ नयेत असं मलाही वाटतं. पण त्या लेखातल्या तीन सूचना मी स्वतः पूर्वी करून बसले आहे. त्यातल्या दोन निस्तरायला दोन महिने लागले आणि तिसरी निस्तरलेलीच नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर हवं तिथून कापा, फक्त काचेबद्दलचा भाग ठेवा.

आधी माझी ओळख, म्हणजे मी कोणत्या अधिकारात बोलते ते कळेल. मी एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं साहाय्यक होते. इंजिनिअर नाही. मल्टिमीटर धरता येतो, सोल्डर नीट बसलं की चकाकतं आणि फसलं की मळकट दिसतं एवढं कळतं. शिवाय मुलांनी जाळलेल्या वस्तू सरांच्या नजरेस पडायच्या आत ठीकठाक करण्याचा दांडगा अनुभव आहे.

आमच्याकडचा रिसीव्हर सत्तरच्या दशकातला, जपानी बनावटीचा. थोरल्या दिरांनी लहान घर घेतलं तेव्हा तो आमच्याकडे आला. उचलायला दोन माणसं लागली. बंद असताना समोरची काच नुसती काळी दिसते, आणि चालू केला की त्या काळ्यातून निळे आकडे वर येतात. भडक निळे नव्हेत, थोडे हिरवटाकडे झुकलेले. ह्यांना आवाजाशी मतलब, मला त्या उजेडाशी. चार-पाच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी डायलची डावी बाजू उजळलीच नाही. आठवडाभरात उजवीकडचा एक दिवाही गेला. मधोमध निळं डबकं आणि दोन्हीकडे अंधार. स्टेशन लावायचं तर टॉर्च घेऊन.

तेव्हा मी जे केलं तेच आपल्या लेखात 'सोपा उपाय' म्हणून सांगितलं आहे: निळे एलईडी आणायचे आणि लावून मोकळं व्हायचं. लेखात पुढे असंही वाक्य आहे की निळे एलईडी टाकले की डायलला 'कंपनीचा मूळ निळा रंग' परत मिळतो. हे वाचून मला प्रयोगशाळेतला फळा आठवला. सत्तरच्या दशकात लाल एलईडी होते, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचा पहिला लाल एलईडी १९६२ मधला. पण लख्ख निळा एलईडी तेव्हा कोणाकडेच नव्हता. तो जमायला १९९० चं दशक उजाडावं लागलं, आणि ते काम इतकं अवघड होतं की आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा आपण ज्याचं छायाचित्र छापलंत त्या मरँट्झ कंपनीच्या रिसीव्हरच्या प्रसिद्ध निळ्या डायलमागे कंपनीने निळा दिवा ठेवला होता असं म्हणणं म्हणजे नोबेल चुकीच्या माणसांना गेलं असं म्हणणं आहे.

आत असतात ते साधे पिवळट उजेडाचे फिलामेंटचे बल्ब. निळेपणा येतो तो उजेडाच्या वाटेत ठेवलेल्या निळसर पारदर्शक गाळणीमुळे. फिलामेंटच्या उजेडात लाल-पिवळा भरपूर आणि निळा थोडा. गाळणी लाल-पिवळा अडवते आणि जे उरतं ते मंद, निळं-हिरवं. आपल्याला आवडतो तो रंग असा वजाबाकीने तयार झालेला असतो. निळ्या एलईडीचा उजेड म्हणजे ४६०-४७० नॅनोमीटरच्या आसपासची एक अरुंद फीत. त्यात गाळायला काही नसतंच. गाळणी तो जवळजवळ तसाच पुढे सोडते, आणि एरवी आपल्या जागी बसून राहणारे आकडे अंगावर येतात.

मी निळे एलईडी लावले त्या रात्री खोलीतला मोठा दिवा मालवून पाहिलं. आकड्यांच्या कडा फुटल्यासारख्या दिसत होत्या. ८८ आणि ९८ मधला फरक ओळखायला डोळे बारीक करावे लागत. यामागेही कारण आहे: डोळ्याचं भिंग निळा उजेड पडद्याच्या किंचित अलीकडेच एकत्र आणतं, त्यामुळे निव्वळ निळी अक्षरं लांबून पुसट वाटतात. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, डायलकडे पाहिलं आणि विचारलं, "आपण घरीच आहोत ना?" दुसऱ्या दिवशी सगळे काढले.

ज्यांना एलईडीच हवेत त्यांनी उबदार पांढरे, २७०० केल्विनच्या आसपासचे घ्यावेत. थंड पांढऱ्यातही निळ्याचा डोंगर असतोच, फक्त तो पिवळ्याच्या आड लपलेला असतो.

आता दुसरी सूचना: 'सगळेच बल्ब एकदम बदलून टाका, निर्देशक दिवेसुद्धा.' इथे माझे दोन महिन्यांतले बरेचसे दिवस गेले.

डायलमागचे दिवे आणि 'स्टिरिओ' शब्दामागचा दिवा हे एकाच जातीचे वाटतात, पण त्यांचं काम वेगळं आहे. डायलचे दिवे ट्रान्सफॉर्मरच्या एका वेगळ्या वाइंडिंगवर, म्हणजे तारेच्या गुंडाळीवर, सरळ जोडलेले असतात, सेट चालू की ते चालू. स्टिरिओचा दिवा मात्र कोणीतरी हुकूम दिल्यावरच लागतो. एफएमचं स्टेशन स्टिरिओ असेल तर त्याच्या लहरीत १९ किलोहर्ट्झचा एक बारीक सूर मिसळलेला असतो. सेटमधला डीकोडर तो सूर ओळखतो, एका ट्रान्झिस्टरला चालू करतो आणि तो ट्रान्झिस्टर दिव्यातून करंट खेचतो. म्हणजे हा दिवा त्या सर्किटचाच एक भाग आहे. आमच्यात तो गव्हाच्या दाण्याएवढा होता, दोन केसांसारख्या वायरी निघालेला. मी तो काढून तिथे रेझिस्टर जोडलेला लाल एलईडी सोल्डर केला. सेट चालू केला, स्टेशन लावलं, लाल दिवा लागला. मी खूश.

मग लक्षात आलं की तो विझतच नाही. स्टेशन हलवून दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीत नेलं तरी लाल. एफएम बंद करून रेकॉर्ड लावली तरी लाल. मला वाटलं, सोल्डरिंगच्या उष्णतेने डीकोडर गेला. त्या एका समजुतीपायी मी पुढचे दोन शनिवार-रविवार डीकोडरच्या बोर्डावर घालवले. जे रेझिस्टर ठणठणीत होते ते एकेक टोक उचलून मोजले, एक कॅपेसिटर (वीज साठवणारा भाग) विनाकारण बदलला. बोर्डाला काही झालंच नव्हतं.

कारण अखेर त्या ट्रान्झिस्टरच्या पायाशी सापडलं. त्याला समांतर एक दीड हजार ओहमचा रेझिस्टर लावलेला होता. दिवा बंद असतानाही त्यातून थोडा करंट फिलामेंटमधून जात राहतो, फिलामेंट कोमट राहतं, आणि दिवा लागताना त्याला झटका बसत नाही. आठेक मिलिअँपिअरने फिलामेंट उजळत नाही, डोळ्यांना तो बल्ब विझलेलाच दिसतो. पण एलईडीला पाच मिलिअँपिअरसुद्धा चांगले पोटभर होतात. त्या काळच्या माणसाने दिव्याचं आयुष्य वाढावं म्हणून केलेली सोय माझ्या एलईडीला कायमचा हुकूम वाटत होती! मी जुन्याच मापाचा फिलामेंट बल्ब परत लावला आणि स्टिरिओचा दिवा पुन्हा खरं बोलू लागला. सगळ्याच सेटांमध्ये असा रेझिस्टर असतो असं नाही. पण जिथे दिव्याच्या मागे ट्रान्झिस्टर किंवा आयसी आहे, तिथे आधी सर्किटचा कागद पाहावा. तो मिळत नसेल तर निर्देशक दिव्याला फिलामेंटचाच जोडीदार द्यावा.

एलईडीच्या लुकलुकण्याबद्दल लेखात काहीच नाही, म्हणून दोन ओळी. डायलच्या वाइंडिंगवर ए.सी. असतो. फिलामेंट तापलेलं असल्यामुळे त्याला चढउतार जाणवत नाहीत. एलईडीला सगळे जाणवतात. पुढे वीज एकाच दिशेने सोडणारा एकच डायोड असेल तर ५० हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला ५० वेळा विझतो, चार डायोडांचा ब्रिज असेल तर १०० वेळा. नजर स्थिर ठेवली तर कळत नाही, मान वळवली की आकड्यांची माळ दिसते. त्यावर कॅपेसिटर लावला की लुकलुकणं थांबतं, पण कधीकधी मिडियम वेव्हवर नवीन गुणगुण सुरू होते, कारण ब्रिजमधून करंट तुकड्यातुकड्यांनी खेचला जातो आणि एरियल तिथून वीतभरावर असते. आमच्याकडे सुरू झाली होती.

आता मूळ बल्बांकडे. लेखात त्यांना 'इतिहासजमा' म्हटलं आहे. घरातले मोठे बल्ब बऱ्याच देशांनी बंद केले हे खरं, युरोपने २००९ पासून टप्प्याटप्प्याने केले. पण रिसीव्हरमधले हे फ्यूजच्या आकाराचे छोटे दिवे, काचेची नळी आणि दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, आजही नवे मिळतात. मला मिळाले. फक्त टोपीवर कोरलेलं वाचायला भिंग लागतं. आमच्यावर होतं: ८ व्होल्ट, ०.२५ अँपिअर. दुसऱ्या सेटात दुसरं असेल. नुसतं 'फ्यूजसारखा बल्ब द्या' म्हणून जो मिळेल तो आणू नका. जास्त अँपिअरचा बसवला तर उजेड वाढेल, पण उष्णताही वाढेल आणि मागचं प्लास्टिक वाकेल.

हे बल्ब का जातात? आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी पहिल्या सत्रात एक प्रयोग असे: बल्बच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज हळूहळू वाढवायचं, करंट मोजायचा आणि आलेख काढायचा. मुलांना सरळ रेषा अपेक्षित असे आणि आलेख वाकडा येई. मग ती मला येऊन सांगत, "मॅडम, मीटर खराब आहे." मीटर ठीक असे. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या टंगस्टनच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा असतो. आमच्या डायलच्या बल्बचंच घ्या: ८ भागिले ०.२५ म्हणजे उजळलेला असताना ३२ ओहम, आणि थंड असताना मल्टिमीटरवर तीनच्या आसपास. सेटचं बटण दाबल्याबरोबर पहिले काही क्षण त्याच्यातून दहापट करंट धावतो. म्हणून बल्ब बहुधा चालू करतानाच जातो.

दुसरं कारण व्होल्टेजचं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मी वाइंडिंगवर मीटर लावला तेव्हा आठऐवजी ८.७ व्होल्ट निघाले. ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला असेल आणि भिंतीतून २४० येत असतील तर आतलं प्रत्येक व्होल्टेज नऊ टक्क्यांनी चढतं. नऊ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण फिलामेंटचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताने कमी होतं, त्यामुळे नऊ टक्के जास्त दिले की आयुष्य एक तृतीयांशावर येतं. उलट बाजूने हाच हिशेब आपल्या बाजूचा होतो. मी पाचही दिव्यांच्या सामाईक वायरीत १ ओहम, ३ वॅटचा एकच रेझिस्टर घातला, धातूच्या सांगाड्याजवळ, प्लास्टिकपासून लांब. दिव्यांना आता साडेसात व्होल्ट मिळतात. उजेड पूर्वीच्या साठेक टक्के झाला, आणि खरं सांगायचं तर तोच बरा दिसतो. त्याला आता चार वर्षं होत आली, पाचपैकी एकही दिवा गेलेला नाही.

एक मान्य करते. एलईडीच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि लेखाने तो मांडलाच नाही. आमच्या प्रत्येक बल्बची उष्णता दोन वॅट, पाचांची दहा वॅट, तीही बोटभर रुंदीच्या बंद पेटीत. उजेड सारखा पसरावा म्हणून दिव्यांच्या समोर एक दुधी कागद ताणलेला असतो. मी आमच्यातला पाहिला तेव्हा प्रत्येक दिव्याच्या समोर त्यावर तपकिरी डोळा उमटला होता आणि कड बोट लावताच वाळक्या पानासारखी तुटली. उबदार पांढरे एलईडी असते तर तो कागद आणखी पन्नास वर्षं टिकला असता. तेव्हा ज्याचा कागद अजून धड आहे त्याने एलईडी लावले तर मी नाक मुरडणार नाही. मी मात्र जुन्या कागदाचे तुकडे जुळवून नवा ट्रेसिंग पेपर कापला. पहिल्या खेपेला दुहेरी घेतला तर आकडे झोपी गेले, एकेरी घेतला तर दिव्यांचे ठिपके दिसायला लागले. शेवटी एकेरी कागद, आणि फक्त दिव्यांच्या समोर त्याच कागदाच्या बारीक पट्ट्या. हे दिवे लावून, बघून, विझवून, पुन्हा बघून करावं लागतं. यात एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि लेख म्हणतो, सगळं काम पंधरा मिनिटांचं. पंधरा मिनिटांत माझी समोरची बटणंसुद्धा निघाली नव्हती.

जुन्या क्लिपा 'कापून टाका आणि एलईडीची पट्टी चिकटवा' हेही लिहिलं आहे. कापू नका. त्या क्लिपा नुसत्या मळलेल्या असतात. पेन्सिलीच्या खोडरबराने घासा, चिमट्याने थोड्या आवळा, दिवे परत घट्ट बसतात. आज ज्याला पट्टी आवडली त्याचा जीव उद्या तिच्यावरून उठला तर परत जायला वाट राहू दे.

आणि आता काच.

लेखातली पाचवी सूचना अशी आहे: 'पॅनेल उघडलंच आहे तर डायलची काच दोन्ही बाजूंनी काच पुसायच्या स्प्रेने लख्ख करून घ्या.' मी हेच केलं होतं. वर्तमानपत्रात वाचून नाही, स्वतःच्या हौसेने. काच बाहेर काढली, पुढून पुसली, छान निघाली. उलटी केली, स्प्रे मारला, मऊ सुती कापड फिरवलं. कापड काळं झालं. मी मनात म्हटलं, केवढी ही काजळी, पन्नास वर्षांत कोणी हातच लावला नसणार! आणि दुसऱ्यांदा फिरवलं.

ती काजळी नव्हती. काचेचा काळा रंग मागच्या बाजूने छापलेला असतो आणि आकडे म्हणजे त्या रंगात सोडलेल्या जागा. काच साफ करायच्या कित्येक द्रवांत अमोनिया किंवा अल्कोहोल असतं, आणि पन्नास वर्षं दिव्यांच्या उबेत शेकलेली ती शाई त्याच्यापुढे टिकत नाही. काही सेटांची शाई तर नुसत्या ओल्या बोटानेही सुटते. मी थांबले तोवर १०० पासून १०४ पर्यंतचे आकडे आणि त्यांच्याभोवतीचा काळा रंग माझ्या कापडावर आला होता. आज आमचा डायल लागला की ९८ च्या पुढे एक निळी उघडी खिडकी दिसते आणि मग एकदम १०६. मी बारीक कुंचल्याने काळा रंग भरून पाहिला, तर तो पुढून डागासारखा दिसला, म्हणून पुसून टाकला. दीर येतात तेव्हा त्या बाजूला मी फोटोची चौकट ठेवते. ते दरवेळी ती उचलून बाजूला करतात आणि काही बोलत नाहीत.

बल्ब पुन्हा आणता येतो, कागद पुन्हा कापता येतो, माझ्यासारखीला डीकोडरसुद्धा पुन्हा जुळवता आला. ही काच दुसरी मिळत नाही, मिळाली तर दुसऱ्या मेलेल्या सेटाची. मागच्या बाजूला फक्त कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झटकायची, तीही शाईला न घासता. कापड नको, पाणी नको, स्प्रे तर नकोच नको.

शेवटी छायाचित्राबद्दल. आपण लेखाबरोबर जे छापलं आहे त्यात एक हात सोल्डरिंगची कांडी घेऊन पॅनेलच्या आत गेला आहे आणि मागे डायल लख्ख उजळलेला आहे. डायल उजळला आहे याचा अर्थ सेट चालू आहे! या जातीच्या बऱ्याच सेटांत भिंतीतली वीज समोरच्या पॅनेलवरच्या बटणापर्यंत येते, आणि त्या बटणाची उघडी टोकं डायलच्या शेवटच्या दिव्यापासून कधीकधी चार बोटांवर असतात. शिवाय प्लग काढल्यानंतरही मोठे कॅपेसिटर काही वेळ भरलेले राहतात. ते मीटरने पाहायचे आणि भरलेले असले तर रेझिस्टर लावून रिते करायचे, लेखात म्हटल्याप्रमाणे 'स्क्रू ड्रायव्हर टेकवून' नव्हे. त्या ठिणगीने स्क्रू ड्रायव्हरचं टोक वितळलेलं मी पाहिलं आहे. तो अजूनही प्रयोगशाळेच्या खणात असावा, मुलांना दाखवायला ठेवला होता.

तेव्हा विनंती एवढीच की येत्या शनिवारी, म्हणजे लोक सुटीत सेट उघडायला बसतील त्याच्या आधी, एक चौकट छापावी. त्यात दोन ओळी पुरतील: प्लग काढून, कॅपेसिटर तपासूनच हात घालावा, आणि डायलची काच मागून पुसू नये. रंगाचं, नोबेलचं, माझ्या लाल दिव्याचं पुढच्या आठवड्यात छापलंत तरी चालेल. लेखकाला माझ्याशी बोलायचं असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयाला वेगळ्या कागदावर कळवला आहे. त्यांचा स्वतःचा सेट असेल तर मला एकच विचारायचं आहे: त्यांनी आपली काच मागून खरंच पुसली होती का?

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक